जबाब येईपर्यंत

गांगुर्डे बाईंचं फळ्यावरचं अक्षर नेहमी चढावर चाललेलं असायचं. पहिला शब्द फळ्याच्या मधोमध आणि ओळ संपेपर्यंत शेवटचा शब्द पार वरच्या चौकटीला टेकलेला. कारण फळ्याकडे तोंड करून बाई कधी लिहीतच नसत. तिरप्या उभ्या राहायच्या, एक डोळा खडूवर आणि एक पोरांवर. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, "बाई, सरळ का लिहीत नाही?" बाई म्हणाल्या, "साहेब, ओळ वाकडी झाली तर पुसता येते. आपण पाठ केली की पोर वाकडं होतं, ते कशानं पुसायचं?" साहेब चहा पिऊन गेले.

हे काही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही बरं का. माझी थोरली त्यांच्या वर्गात होती, तिनं घरी येऊन नक्कल करून दाखवली होती. पण ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की आता मीच तिथं बाकावर बसलो होतो असं वाटतं. पूर्वी सांगताना हसायचो. आता पाठ हा शब्द आला की गोष्ट तिथंच आवरती घेतो.

मी विधाते. नाशिकरोडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो. आमच्या घरी सगळे मळेवाले, फुलं आणि भाजी पिकवून बाजारात नेणारे. त्यात नोकरीला लागलेला मी पहिलाच, त्यामुळे अंगात मस्ती फार. बाई ढोलकीचं पार्सल सोडवायला आल्या तेव्हा ढोलकी द्राक्षांच्या पेट्यांखाली दबलेली. मी खेकसलो, "उद्या या! दिसत नाही, इथं माणसाला मरायला फुरसत नाही ते!" बाई जागच्या हलल्या नाहीत. पदराच्या गाठीतून लवंग काढून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "आवाज छान आहे तुमचा. अगदी मागच्या माणसापर्यंत पोचेल. आमच्या नाटकात बायकोला मारणारा नवरा पाहिजे. येता का?"

सगळं ऑफिस फिसकन हसलं. मी रागारागानं "नाही" म्हणालो, आणि रविवारी तालमीला गेलो. माझं सगळं असंच.

तालीम म्हणजे शाळेच्या मागचं पटांगण. मंडळी किती, तर नवरा मी, बायको शाळेतल्या शिवणाच्या बाई, ढोलकीला बाईंचा धाकटा भाऊ मधू. बाकी सगळं म्हणजे गांगुर्डे बाई. रंगमंच नाही, पडदा नाही. कुठल्याही वस्तीत जायचं, सतरंजी टाकायची, ढोलकीवर थाप द्यायची आणि लोक गोल करून उभे राहिले की सुरुवात.

बाईंचे वडील जलशात गायचे. एका बाजूनं सवाल टाकायचा, दुसऱ्या बाजूनं गाण्यातच जबाब द्यायचा, हे बाईंच्या कानात पाळण्यापासून बसलेलं. त्यांनी फक्त एक फिरवाफिरव केली. नाटक ऐन टोकाला आलं, नवऱ्याचा हात उगारला गेला, थप्पड वाजली, की बाई मध्ये उभ्या राहायच्या आणि लोकांना म्हणायच्या, "सवाल आमचा, जबाब तुमचा! सांगा, आता कुणी काय करायचं?" मग लोकांनी बोलायचं. नुसतं बोलून भागत नसेल तर पुढं येऊन करून दाखवायचं. जबाब येईपर्यंत आम्ही नटांनी जागचं हलायचं नाही, आणि आपल्यापैकी कुणी मध्ये पडायचं नाही. हा बाईंचा नियम. "चुकीचा जबाब आला तरी येऊ दे," त्या म्हणायच्या. "चुकीचं मनात ठेवून घरी गेला तर घरी करील. इथं बोलू दे, इथंच दुसरा कुणीतरी खोडून काढील."

थप्पड अर्थातच खोटी. मी हात फिरवायचा, शिवणाच्या बाईंनी मान वळवायची आणि आवाज काढायचा मधूनं ढोलकीवर. असा काढायचा की पुढच्या बाया डोळे मिटून घ्यायच्या. मधू तेव्हा पंचविशीत असेल. सातपूरला एका कारखान्यात टर्नर. गालाला खळी, आणि बोटं कधी स्वस्थ नाहीत. बसमध्ये समोरच्या सीटच्या पाठीवर ताल धरायचा आणि पुढचा माणूस वळून बघायला लागला की खिडकीबाहेर बघत बसायचा. मला म्हणायचा, "दादा, मारता तुम्ही, पण पाप माझ्या बोटांना."

पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या खळ्यावर आमचा प्रयोग होता. कांदा निवडणाऱ्या बाया पाट्या बाजूला ठेवून बसलेल्या. मी हात उगारला, ढोलकी वाजली, आणि बाईंनी सवाल टाकायच्या आत एक धिप्पाड बाई उठली, रिकामी पाटी घेऊन आली आणि माझ्या टाळक्यात घातली. वर दुसरी. वर तिसरी! "मुडद्या, हात लय वळवळतो व्हय रे तुझा?" नियमाप्रमाणे मला हलायचं नाही. मधू ढोलकीत तोंड खुपसून हसतोय. मी कळवळून बाईंकडे पाहिलं, तर बाई म्हणतात कशा, "हासुद्धा जबाबच आहे. असू द्या."

मग गांगुर्डे बाई तिच्याजवळ गेल्या, हातातली पाटी घेतली आणि विचारलं, "मारून झालं? मग?"

हा 'मग' म्हणजे बाईंचं सगळं शस्त्र. दुसरं काही विचारायच्या नाहीत. नुसतं "मग?" म्हणायचं आणि लवंग चघळत वाट बघायची. समोरचं माणूस आपसूक उकलायचं. ती पाटीवाली तिथंच मातीत बसली. म्हणाली, "मग काय बाई. ह्याला मारलं, घरच्याला मारायचं धाडस नाय." आणि तिनं दंडावरची चोळी वर करून दाखवली. त्यावर दुसरी बोलली, तिसरी बोलली. मुकादम शिट्टी वाजवून थकला, पण एक बाई उठली नाही.

माझ्या घरी मात्र रोज रामायण. आमची बायको बाजारात गेली की बाया कुजबुजायच्या. "अगं, ते विधाते खरंच मारतात का गं?" ही बिचारी सांगून सांगून दमली. शेवटी म्हणाली, "एकदा तरी त्या नाटकात मार खा आणि लोकांना दाखवा. माझी अब्रू राहील."

पिंपळगावहून परतताना आम्ही कांद्याच्या टेम्पोत बसून आलो. मधू गोण्यांवर झोपून गेला. मी बाईंना सहज विचारलं, की हे नसते उद्योग तुम्हाला सुचले कुठून? वाटलं, वडिलांचं काहीतरी सांगतील. त्यांनी आईचं सांगितलं.

निफाडकडच्या एका खेड्यात होती ती. मधूच्या पाठचं मूल जन्मतःच गेलं आणि आई स्वतःशी बोलायला लागली. रांधायची नाही, झोपायची नाही. लोक म्हणाले, बाहेरचं लागलंय. वडील जलशाबरोबर फिरतीवर. नात्यातल्यांनी भगत आणला. त्यानं लिंबाच्या ओल्या फोकानं तिला अंगणात झोडपली. "सगळी वस्ती गोल करून उभी होती, विधाते," बाई म्हणाल्या. "नाटकाला उभी राहते ना, तशीच. त्यातली कितीतरी चांगली माणसं होती. एकाला तरी वाटलं असेलच की हे थांबवावं. पण विचारलं कुणी नाही, म्हणून बोललं कुणी नाही." आई त्यानंतर शांत झाली. सगळे म्हणाले, गुण आला. वर्षाच्या आत ती गेली. बाई तेव्हा दहाच्या, मधू जेमतेम तीनचा.

मग झोपलेल्या मधूच्या अंगावर त्यांनी स्वतःची शाल टाकली. "मला नाटकाबिटकाचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "हा एवढा आईच्या वाटेनं जायला नको. बाकी सगळं मग."

आणि नेमकं तेच झालं. काय म्हणावं नशिबाला!

मधूच्या शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्याचा पंजा गेला. मधूनंच त्याला उचलून रिक्षात घातला. परत येऊन कपडे धुतले, दुसऱ्या दिवशी कामावरही गेला. आम्हाला वाटलं, पोरगं धीराचं आहे. पण त्याची बोटं थांबली. बसमध्ये हात मांडीवर ठेवून बसायला लागला. बोटांच्या मागोमाग बोलणं थांबलं. तालमीला यायचा, थाप मारायची तिथं मारायचा, पण ताल लाकडासारखा. बाई विचारायच्या, "मग?" तो म्हणायचा, "काही नाही ताई." बाईंचा 'मग' कुणापुढं फुकट गेलेला मी पहिल्यांदा पाहिला.

शेजारीपाजारी म्हणायचे, लग्न लावून द्या, सरळ होईल. शिवणाच्या बाई म्हणाल्या, डोक्याच्या डॉक्टरला दाखवू या. आता गंमत बघा, अख्ख्या जिल्ह्याला "डॉक्टरकडे न्या, त्यात लाज कसली" म्हणून सांगणारी बाई, घरचं आल्यावर कचरली. "कारखान्यात कळलं तर काढून टाकतील त्याला. वेडा म्हणून शिक्का बसला की मुलगी कोण देईल? थोडं थांबू." मला राग आला होता तेव्हा. आज नाही येत. आपल्या माणसाच्या बाबतीत सगळेच कचरतात.

थांबायचं, पण स्वस्थ बसणं बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी नवं नाटक बसवलं. नाव 'गप्प'. पाळीवरून घरी आलेला एक माणूस स्टुलावर बसतो आणि बोलतच नाही. आई दृष्ट काढते, मेहुणा शिव्या देतो, मारायला धावतो. मग सवाल: सांगा, याचं काय करायचं? मेहुणा मी. आणि गप्प बसणारा माणूस, मधू.

"बाई, त्याला कशाला बसवता? मी बसतो की गप्प," मी म्हणालो.

"तुम्ही? तुम्ही पाच मिनिटं गप्प बसलात तर मी नाव बदलीन." मग हसू गेलं. "घरी तो भिंतीकडे बघत बसतो, विधाते. तिथं निदान माणसांकडे बघेल. ती बोलतील ते त्याच्या कानावर पडेल. मी विचारून विचारून थकले हो. दुसऱ्या कुणीतरी विचारू दे आता."

यात चुकलं काय, सांगा! मला तर पटलं. आणि सुरुवातीचे प्रयोग छान झाले. लोक जबाब द्यायचे, बाई "आला, जबाब आला!" म्हणायच्या, की मधू स्टुलावरून उठून सगळ्यांना हात जोडायचा. देवळाली गावात तर उठल्यावर त्यानं आपणहून ढोलकी ओढली आणि दोन आवर्तनं वाजवली. बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. "सुधारतोय हं तो. सुधारतोय," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी आम्हाला भेळ खाऊ घातली.

सातपूरचा प्रयोग होता कामगारांच्या कॉलनीत, विहारासमोरच्या मैदानात. रविवारची संध्याकाळ, टीव्ही तेव्हा एखाद्याच घरी, त्यामुळे गर्दी चिक्कार. नाटक टोकाला आलं. मी शिव्या देऊन झालो. मधू स्टुलावर, हात मांडीवर. बाईंनी सवाल टाकला.

पुढच्या ओळीतून एक पोक्त माणूस उठला. चांगला कपडेबिपडे केलेला, चारचौघात मान असलेला. "अहो, सोपं आहे," असं म्हणत हसत पुढं आला आणि मधूच्या कानशिलात सणकन ठेवून दिली. "असं करायचं. बोलतो की नाही बघा."

ढोलकीवर त्या दिवशी कुणी नव्हतंच. तरी आवाज आला.

लोक हसले. काहींनी टाळ्यासुद्धा पिटल्या, त्यांना वाटलं, आधीच ठरलेलं आहे. मी मधूकडे पाहिलं. तो हलला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र घळाघळा वाहायला लागलं. शिवणाच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगंबाई, काय काम करतोय पोरगा!" गांगुर्डे बाई एक पाऊल मधूकडे गेल्या होत्या. मी शपथेवर सांगतो, गेल्या होत्या. मग थांबल्या. नियम त्यांचाच होता ना. त्या लोकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ह्या भाऊंनी जबाब दिला. पटला का तुम्हाला?"

"नाय पटला!" मागून एक म्हातारी ओरडली. "माझ्या लेकाला असाच मारून मारून घालवला आम्ही. नाय पटला!"

आणि बांध फुटला. असा प्रयोग पुन्हा झाला नाही. म्हातारी बोलली. एक जवान कामगार उठून म्हणाला, "मला रात्रपाळीची झोप येत नाही, डोळे मिटले की मशीन दिसतं, हे मी आज पहिल्यांदा बोलतोय." त्याची बायको तिथंच रडायला लागली. तो थप्पड मारणारा गृहस्थ खाली मान घालून बसला आणि शेवटी म्हणाला, "माझं चुकलं." बाई ह्याच्याकडून त्याच्याकडे धावत होत्या, "मग? मग?" विचारत होत्या, चेहरा असा उजळलेला! आईच्या अंगणातली ती मुकी वस्ती जणू एवढ्या वर्षांनी बोलायला लागली होती. तास, सव्वा तास तरी गेला असेल. आणि वर्गात कधी कुणाकडे पाठ न करणारी ती बाई तेवढा सगळा वेळ मधूकडे पाठ करून उभी होती.

"आला! जबाब आला!" त्या शेवटी म्हणाल्या, आणि वळल्या. "ऊठ रे मधू, हात जोड मंडळींना."

मधू उठला नाही. बाई हसत जवळ गेल्या. "अरे झालं, ऊठ." मी खाली वाकलो तर त्याचे हात बर्फ. स्टुलाच्या कडा त्यानं अशा धरल्या होत्या की एकेक बोट आम्हाला सोडवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाई त्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. आता नोकरी आठवली नाही की शिक्का आठवला नाही. गोळ्या सुरू झाल्या. तो जेवायचा, हाताला धरलं की चालायचा, बोलायचा नाही. पंधरावीस दिवसांनी मी सकाळी त्यांच्या घरी बसलो होतो. बाई बशीत चहा ओतत होत्या. मधू एकदम म्हणाला, "ताई."

बाईंचा हात थांबला.

"मी हललो नाही हं," मधू म्हणाला.

"कधी रे राजा?"

"त्यानं मारलं तेव्हा. जबाब येईपर्यंत हलायचं नाही, तू सांगितलं होतंस. मला फार उठावंसं वाटत होतं. मला वाटलं, आता तू येशील. आता येशील."

"मग?" बाई म्हणाल्या. सवयीनं गेला तो शब्द तोंडातून. गेल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण गेला तो गेला.

"मग तू तिकडं बोलत होतीस," मधू म्हणाला. तक्रार नाही, राग नाही. शाळेतून आलेलं पोर दिवसभराचं सांगतं ना, तसं सांगून त्यानं बशी तोंडाला लावली. मला तिथं बसवेना. मी चप्पल घालून बाहेर आलो आणि कुंपणाशी उभा राहून रडलो.

गोळ्यांनी गुण येत होता, खोटं कशाला बोलू. अंगणात बसायला लागला होता, पोरांच्या गोट्या बघायचा. डॉक्टर म्हणाले होते, वेळ लागेल, पण येईल माणसात. आणि एके दिवशी सकाळी दूध आणायला म्हणून गेला. दुधाची किटली दूधवाल्याकडे मिळाली. मधू मिळाला नाही.

भुसावळपासून कल्याणपर्यंत प्रत्येक स्टेशनच्या पार्सल ऑफिसात माझी माणसं होती. हरवलेली पेटी आम्ही आठ दिवसांत शोधून द्यायचो. सगळ्यांना फोन केले, फोटो पाठवले, मनमाडला मी स्वतः प्लॅटफॉर्मवर बाकाबाकाशी जाऊन पाहिलं. बाई कुठं कुठं गेल्या त्याला तर गणतीच नाही. मधू सापडला नाही. आजतागायत नाही.

बाईंनी शाळा सोडली नाही. खेळ मात्र दुसऱ्यांच्या हाती दिला. कॉलनीतल्या नव्या मंडळींना 'गप्प' पाहिजे होतं, त्यांना म्हणाल्या, "करा. पण मी शिकवणार नाही." मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, त्या दिवशी निदान एक घर तरी वाचलं असेल. त्या रात्रपाळीवाल्याचं." त्या म्हणाल्या, "वाचलं असेल. ते मला कळतं, विधाते. पण ते घर माझं नव्हतं ना." पुढं मी तो विषय काढला नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते पंचवीसएक वर्षांनी, नाशिकरोडच्या एका कॉलनीत. घरोघरी आता टीव्ही. प्रयोगाला माणसं थोडीच, तीही पोरांना खेळवायला बाहेर आलेली. गप्प बसणाऱ्याचं काम खैरनार नावाचा एसटीचा कंडक्टर करत होता. बरं करत होता. बाई पुढच्या ओळीत खुर्चीवर, निवृत्त झालेल्या, केस पांढरे, छत्री काठीसारखी धरलेली. मी जाऊन शेजारी बसलो. त्यांनी पदराच्या गाठीतली एक लवंग मला दिली.

सवाल पडला. लोक नेहमीप्रमाणे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. कुणी बोलेना. बाई उठल्या. मला वाटलं, निघाल्या. पण त्या छत्री टेकत टेकत सतरंजीवर गेल्या आणि खैरनारच्या मागं उभ्या राहिल्या. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बिचारा गोंधळला. ओठ न हलवता पुटपुटला, "बाई, नाटक चाललंय."

"माहीत आहे रे बाबा," बाई म्हणाल्या. "चालू दे. मी आहे इथं."

मंडळी चुळबुळली. सवाल टाकणारी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला हातानंच खूण केली, असू दे. कुठून तरी एका माणसानं घसा खाकरला. जबाब यायला त्या दिवशी फार वेळ लागला. तोवर बाईंनी त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.